गॅसखोलीतला जावई

४ मार्च

पान्या,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, खाली बस. मी भयंकर चिडले आहे आणि ते सगळं तुझ्यावरच निघणार आहे. फोन का नाही केला म्हणून विचारशील, तर इथला फोन व्यवस्थापकाच्या टेबलावर असतो आणि मला जे बोलायचंय त्यातलं निम्मं त्याच्याबद्दल आहे. शिवाय फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतोस आणि ठेवून देतोस. कागदावर हो लिहिलंस की ते मला तुझ्या तोंडावर धरता येतं.

तर ऐक. थंडीत सुट्टीवर आलास तेव्हा माझ्या स्वयंपाकघराखालच्या गॅसखोलीत तू तो सेफ्टी व्हॉल्व्ह बसवून गेलास. काय कौतुक झालं होतं! या वृद्धनिवासातले सगळे आजी-आजोबा जिन्यात वाकून बघत होते आणि मी प्रत्येकाला सांगत होते, हा माझा भाचा, काचकारखान्यात गॅसची कामं करतो, लहानपणापासून हातात पाना घेऊन फिरायचा म्हणून आम्ही पान्या म्हणतो. पाइपात दाब वाढला की व्हॉल्व्ह आपोआप पडतो, गॅस बंद, धोका खलास. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर तुझी पाठ थोपटली होती. आठवतंय ना?

आता तुझा तो व्हॉल्व्ह रोज सकाळी जावयासारखा रुसून बसतो. रात्री आम्ही आवराआवर करतो तेव्हा बरा असतो. सकाळी काडी लावली की शेगडी एकदा फुर्रकन मोठी होते आणि विझते. की मी निघाले जिना उतरून, गुडघे धरत. बघावं तर दांडी खाली पडलेली. ती उचलायची, साहेबांची मनधरणी करायची. कधी लगेच ऐकतो, कधी पुन्हा पडतो, मग परत वर जा, शेगडी उघड, परत खाली ये. तोवर जेवणघरात सगळे चमचे घेऊन बसलेले असतात. यातल्या कितीजणांना औषधं पोटात काहीतरी घालूनच घ्यायची असतात, तुला माहीत आहे.

व्यवस्थापकाने मला सगळ्यांसमोर सुनावलं. यापुढे नाश्ता उशिरा झाला तर स्वयंपाकघर बाहेरच्या ठेकेदाराला देणार म्हणाला. स्वयंपाकघर गेलं की त्यामागची माझी खोलीही गेली. या वयात मी कुठे बिऱ्हाड हलवू?

आणि मला माहीत आहे हे कोण करतंय. तो पहारेकरी! डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी त्याच्या चहातली साखर कमी केली, तेव्हापासून माझ्याकडे असा बघतो की जणू त्याची जमीन लाटली. रात्री खाली जातो आणि दांडी पाडून येतो. मी त्याला रंगेहाथ पकडणार आहे. तू फक्त एवढं लिही की ती दांडी हाताने पाडता येते.

तुझी आत्या

---

११ मार्च

आत्या,

नमस्कार करतो, आणि बसूनच वाचलं. खोलीतल्या सोबत्यालाही वाचून दाखवलं, तो वेल्डर आहे. तुझा जावई आता इथेही प्रसिद्ध झाला.

दांडी हाताने पाडता येते. पण पहारेकऱ्याचं नाव काढू नकोस, आणि माझ्या व्हॉल्व्हचंही नाही. मी तो तुझ्यासमोर हवेचा पंप लावून पुन्हा पुन्हा तपासला होता. तू चहा घेऊन उभी होतीस आणि दर खटक्याला दचकत होतीस. तो बिघडलेला नाही. तुमच्या त्या घरात आपलं काम चोख करणारा तो एकटाच दिसतोय मला.

शेगडी एकदा फुर्रकन मोठी होते हे तूच लिहिलंस. तेवढ्यावरून मला कळलं. सिलिंडरच्या बाटलीतला गॅस फार जोराचा असतो. रेग्युलेटर त्याला आवरतो आणि शेगडीला झेपेल तेवढाच पुढे सोडतो. शेगड्या बंद झाल्या की रेग्युलेटरने गच्च मिटायला पाहिजे. तुमचा मिटत नाहीये. आतलं रबर खराब झालं असणार, नाहीतर कचरा अडकलाय. बंद केलेला नळ कसा ठिबकत राहतो, तसा तो गॅस रात्रभर पुढे ठिबकतो. पुढे जायला वाट नाही, म्हणून पाइपात दाब चढतो. चढत चढत ठरलेल्या आकड्यावर गेला की व्हॉल्व्ह पडतो. माणूस बिणूस कुणी नाही.

उपाय एकच, नवा रेग्युलेटर. व्यवस्थापकाला सांग, माझं नाव घेऊन सांग. तोवर तुमची रात्रीची पद्धत बदला. सकाळचा चहा पटकन व्हावा म्हणून तुम्ही बाटल्यांचे कॉक उघडेच ठेवून झोपता, ते मी तेव्हाच पाहिलं होतं आणि तेव्हाच बोललो होतो. आधी खाली जाऊन बाटल्यांचे कॉक बंद करायचे. पाइपात उरलेल्या गॅसवर शेगडी जळू द्यायची, डोळ्यांसमोर विझू द्यायची, मग तिचं बटण बंद. पाइप रिकामा असला तर दाब कुठून चढणार?

आणि तो रुसतो बिसतो म्हणू नकोस. तो ओरडून सांगतोय आणि तुम्ही त्याचीच समजूत काढताय.

गुडघ्यांना तेल लाव.

पान्या

---

२४ मार्च

पान्या,

तुझं पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर माझी शोभा झाली नसती. पण तुम्हा लोकांना पत्र टाकायला सवड कुठे असते?

मी काय केलं ऐक. गॅसखोलीला माझ्या पेटीचं कुलूप लावलं, किल्ली उशाखाली घेऊन झोपले. सकाळी कुलूप जसंच्या तसं आणि आत दांडी पडलेली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मेल्याने दुसरी किल्लीसुद्धा करून घेतली. तशीच गेले आणि फाटकापाशी त्याला असं धारेवर धरलं की दूध घालणाराही थांबून ऐकत राहिला. तो बिचारा एकच म्हणत होता, "आत्याबाई, मला तर ती खोली कुठल्या बाजूला उघडते तेसुद्धा माहीत नाही." आणि त्याच दुपारी तुझं पत्र. म्हणे माणूस बिणूस कुणी नाही! मग काय, गेले चहा घेऊन, साखर घालून. घेतला त्याने. कप रिकामा करूनच परत दिला.

व्यवस्थापकाला रेग्युलेटरचं सांगितलं. तो हसला. "रेग्युलेटर मागच्या वर्षीच बदललाय, हा सगळा त्रास तुमच्या भाच्याचा व्हॉल्व्ह लावल्यापासून सुरू झाला." दिसायला तसंच दिसतंय ना! आधी रेग्युलेटर गळत असेलही, पण आम्हाला काही कळत नव्हतं आणि नाश्ता वेळेवर होत होता.

तुझी रात्रीची पद्धत केली. आठवडा नाही, पण चार दिवस केली, आणि खरं सांगते, जावईबापू एकदाही पडले नाहीत. पाचव्या दिवशी माझा गुडघा आखडला, मदतनीस बाईला खाली पाठवलं, ती कॉक बंद न करताच वर आली. म्हणाली, काळोखात भीती वाटते. सकाळी पुन्हा तेच. व्यवस्थापक स्वतः येऊन उभा राहिला, हाताची घडी घालून.

दुपारी त्याने त्याच्या ओळखीचा शेगडीवाला आणला. त्या माणसाने काय केलं सांगू? वायरचा एक तुकडा घेतला, दांडी वर केली आणि पाइपाला घट्ट बांधून टाकली. झालं! चहा पिऊन होण्याच्या आत काम संपलं. तेव्हापासून एकदाही गॅस गेला नाही. तू एवढी वर्षं शिकलास, पंप लावून बसलास, आणि जावयाचे हात बांधले की तो गप्प बसतो हे त्या शेगडीवाल्याला सुचलं. राग मानू नकोस, पण आता मी सुखाने झोपते.

तुझी आत्या

---

५ एप्रिल

पान्या,

रागावलास ना? रागाव. पण रागावलेल्या माणसाने तेवढं तरी कळवावं. वायरचं लिहिलं म्हणून एवढं तोंड फिरवायचं? लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, विसरू नकोस.

इथे सगळं छान चाललंय. पहिली शेगडी सकाळी आता चांगलीच उसळते, एवढंच. परवा मदतनीस बाईच्या भुवया करपल्या. आम्ही खूप हसलो, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मुख्याध्यापिकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांची खोली स्वयंपाकघराच्या बरोबर वर आहे ना, त्यांना म्हणे वास येतो. त्यांना तर मागच्या वर्षी पडद्यांचाही वास येत होता.

पत्र टाक.

तुझी आत्या

---

१२ एप्रिल

आत्या,

वायर काढ. हे पत्र खाली ठेव, जा आणि काढ, मग पुढचं वाच.

ती शेगडी उसळते ती गंमत म्हणून नाही. पाइपात चढलेला दाब तुमच्या तोंडावर येतोय. आतापर्यंत व्हॉल्व्ह त्याला अडवत होता, आता त्याला कुणी अडवत नाही. आज रेग्युलेटर ठिबकतोय. ज्या दिवशी तो पुरता उघडा पडेल त्या दिवशी बाटलीतला सगळा जोर सरळ स्वयंपाकघरात येईल, आणि तेव्हा त्या घरात सगळ्यात आधी काडी ओढणारी तू असशील.

मी तुमच्या ऑफिसात फोन लावायला सांगितला होता. तुझ्या व्यवस्थापकाने ऐकून घेतलं, "सगळं व्यवस्थित आहे" म्हणाला आणि ठेवला. तुला निरोप दिला का त्याने? नाही ना? मला वाटलंच होतं.

ज्याने ती दांडी बांधली त्याच्या घरात स्वतःची शेगडी नसेल का? बायको, पोरं नसतील? कसा हात धजला त्याचा!

कामात आहे म्हणून मित्र लिहून देतोय.

पान्या

---

१८ एप्रिल

पान्यासाहेब,

आता पत्र लिहायलाही माणूस ठेवलात? वा! उघडलं तर हे मोठं मोठं अक्षर, एका ओळीत चार शब्द. आधी मला वाटलं चुकून दुसऱ्याचं पत्र आलं. आत्याला दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहायला तुला फुरसत नाही, आणि हुकूम मात्र सोडतोस, जा, काढ, मग वाच. मी काय तुझ्या हाताखालची आहे?

निरोप नाही दिला त्याने, हे खरं. विचारलं तर म्हणाला, "कुणीतरी आरडाओरडा करत होतं, मला नीट ऐकू आलं नाही."

पण तू तिकडे बसून बोलतोस, निस्तरायचं मला आहे. वायर काढली की दुसऱ्या सकाळी व्हॉल्व्ह पडणार. नाश्ता उशिरा होणार. ठेकेदाराचा माणूस दोनदा येऊन स्वयंपाकघर बघून गेलाय, माझ्या खोलीत डोकावून इथे गोण्या ठेवता येतील असं माझ्यासमोर म्हणाला. माझ्या पलंगाकडे बोट दाखवून! मी काय करायचं? तुझा व्हॉल्व्ह सांभाळायचा आणि रस्त्यावर यायचं?

भीती मलाही वाटते. काडी ओढताना आता मी तोंड मागे घेते, हात लांब करते. ते मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतेय. आणि तू मला अनोळखी माणसाच्या अक्षरात दम देतोस. स्वतः लिही, मग बघू.

आत्या

---

२४ एप्रिल

आत्या,

मी लिहिलं काय, मित्राने लिहिलं काय, वायर तीच आहे. तुझी खोली जाईल याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण खोली गेली तर दुसरी बघता येते. हात लांब करून काडी ओढणं हा उपाय नाही, एवढंच मला माहीत आहे आणि ते मी का सांगतोय ते विचारू नकोस.

माझ्यावर राग असेल तर असू दे. पण आज संध्याकाळी बाटल्यांचे कॉक बंद कर. माझं एवढं ऐक.

पान्या

आत्या, याच्या पुढचं मी माझ्या मनाने लिहितोय. मी वेल्डर, त्याचा सोबती. मोठं अक्षर माझं. तो आता झोपलाय आणि हे मी लिहिलं असं त्याला कळलं तर तो माझ्याशी बोलणार नाही, पण तुम्ही "स्वतः लिही" म्हणालात ते मलाच त्याला वाचून दाखवावं लागलं. म्हणून सांगतो.

त्याला लिहिता येत नाही. दोन्ही हात भाजले आहेत, बोटांपासून कोपरापर्यंत पट्ट्या आहेत. मी त्याला भरवतो. मार्चच्या शेवटी झालं. आमच्या भट्टीवर असाच एक व्हॉल्व्ह सारखा पडत होता. भट्टी थंड झाली तर काच आतच गोठते, नुकसान होतं, म्हणून सुपरवायझरने त्याची दांडी वायरने बांधून घेतली आणि कुणाला सांगितलं नाही. हा पाळीवर आला आणि नेहमीप्रमाणे बर्नर पेटवायला गेला. हात लांब करूनच पेटवतात, आत्या, सगळे तसंच पेटवतात.

आणि सुपरवायझर काय सांगतो? तपासणी करायचं काम याचं होतं, त्याने केली नाही. वायर तोपर्यंत काढून टाकली होती. मी स्वतः बघितली होती, मी तसं सांगितलं, तर मला म्हणाले तू वेल्डर आहेस, तुला व्हॉल्व्हमधलं काय कळतं. मला वायर कळते! संताप होतो नुसता.

शेगडीवाल्याने दांडी बांधल्याचं तुमचं पत्र आलं ते त्याला दवाखान्यात वाचून दाखवलं. तो उठून बसला आणि म्हणाला, फोन लाव. ओरडत होता तो हाच. तुम्हाला सांगायचं नव्हतं, कारण म्हणे आत्याचा जीव घाबरा होतो. डावा हात बरा होतोय. उजव्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत.

---

२ मे

माझ्या पान्या,

त्या वेल्डरला म्हणावं, तुझे हात शाबूत राहोत आणि तुझं अक्षर मला फार सुंदर वाटलं. त्याच्यावर अजिबात रागवायचं नाही, सांगून ठेवते.

मी ते पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. तुला बसून वाच म्हणणारी मी! भाजीच्या टोपलीवर बसले आणि रडले, तुझ्या हातांसाठी रडले, आणि त्या "पान्यासाहेब" साठी रडले. तू भरवून घेत होतास आणि मी तुला माणूस ठेवलास म्हणत होते! माझी जीभ का झडली नाही. आणि मग रडू थांबलं आणि मला असा राग आला, पान्या, असा राग मला उभ्या जन्मात आला नव्हता.

गेले खाली. गुडघ्याने कुरकूर केली, म्हटलं, तू गप्प बस. आधी बाटल्यांचे सगळे कॉक बंद केले. मग वर येऊन शेगडी विझेपर्यंत तिच्यासमोर उभी राहिले, मग बटण. परत खाली. वायर बोटांनी सुटेना, त्या मेल्याने असे पीळ दिले होते. दातांनी धरून सोडवली. खटकन दांडी पडली आणि मी दचकले नाही. बाहेरून माझं कुलूप लावलं.

सकाळी चहा नाही. जेवणघरात पाव, थंड दूध, केळी ठेवली, आणि वायर हातात घेऊन मधोमध उभी राहिले. सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह काय करतो, वायर काय करते, मदतनीस बाईच्या भुवया कशाने गेल्या, आणि तुझे हात. मुख्याध्यापिकाबाई उठल्या. म्हणाल्या, "मी महिनाभर वास येतो म्हणतेय, सगळ्यांनी मला म्हातारचळ लागलाय असं ठरवलं होतं." मला म्हणाल्या असं नाही, पण माझ्याकडेच बघत होत्या. मी मान खाली घातली. मग त्यांनी पावाचा तुकडा थंड दुधात बुडवला आणि खायला लागल्या, आणि मग सगळेच.

व्यवस्थापक आला. "हा काय तमाशा आहे?" मी म्हटलं, "तमाशा अजून झालेला नाही, होऊ नये म्हणून उभी आहे." किल्ली मागितली. मी नाही म्हटलं. तेव्हा त्याने शेगडीवाल्याला बोलावून कुलूप तोडायला पाठवलं. आणि ऐक, गॅसखोलीच्या दारात कोण बसलं होतं? पहारेकरी! खुर्ची टाकून, दाराला पाठ लावून. व्यवस्थापकाने हटायला सांगितलं तर म्हणाला, "मला राखण करायला ठेवलंय ना साहेब? मग राखतोय." त्याला मी चारचौघांत काय काय बोलले होते, पान्या. आठवलं की अजून कानशिलं तापतात.

तेवढ्यात बाटल्यांची गाडी आली. बाटल्या आणणाऱ्याला मी वायर दाखवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, व्यवस्थापकाला विचारलं, "ही तुमच्याकडे बांधलेली होती?" आणि बाटल्या परत गाडीत चढवल्या. नवा रेग्युलेटर बसून व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय आमचा माणूस इथे एक बाटली उतरवणार नाही, म्हणाला, आणि तसं वर कळवणार. तेव्हा कुठे आमच्या साहेबांना सगळं नीट ऐकू यायला लागलं! दोन दिवसांत रेग्युलेटर आला. जुना उघडला तर आतलं रबर फाटलेलं, तू म्हणालास तसंच. व्हॉल्व्ह त्यांनी तपासला, त्याला हात लावावा लागला नाही. बसवणाऱ्याने विचारलं, हा कुणी लावलाय? मी सांगितलं.

आता दुसरं. माझं स्वयंपाकघर गेलं. उद्धट वागणूक, रहिवाशांना भडकावणं, असं काय काय लिहून कागद दिला. ज्याने वायर बांधून घेतली तो टेबलामागे बसलाय, आणि जिने सोडली तिने खोली रिकामी करायची! आजी-आजोबा भांडतायत त्याच्याशी, मुख्याध्यापिकाबाईंनी तर सह्या गोळा करण्याचा सपाटा लावलाय. मी त्यांना म्हटलं, भांडा, माझ्यासाठी नाही तर त्या व्हॉल्व्हसाठी भांडा, त्याला परत कुणी बांधू नये म्हणून. मला इथे थांबायचं नाही. मला दुसरीकडे काम आहे.

मी तुझ्याकडे येतेय. तुझा उजवा हात बरा होईपर्यंत मी भरवीन, आणि तो बरा झाला नाही तरी भरवीन. त्या वेल्डरला म्हणावं, आता तू तुझं जेव.

आणि तुझ्या त्या सुपरवायझरला सांग, आत्या येतेय. त्याने त्याची वायर फेकून दिली म्हणे. माझ्याकडे माझी आहे, पेटीत सगळ्यात वर ठेवलीय. वेल्डर काय म्हणतो ते त्याला ऐकू येत नसेल तर मी त्याच्या टेबलावर ती ठेवीन, तुझे हात त्याच्यासमोर धरीन, आणि विचारीन, सांग, तपासणी कुणी करायची होती? उत्तर मिळेपर्यंत मी तिथून उठणार नाही. मला काही घाई नाही, माझं स्वयंपाकघर गेलेलं आहे.

तुझी आत्या

---

९ मे

आत्या

हे मी लिहितोय. डाव्या हाताने. एक ओळ लिहायला फार वेळ लागतो म्हणून थोडंच.

ये.

निघायच्या आधी बाटल्यांचे कॉक कोण बंद करणार ते ठरवून ये.

पान्या